कंपनीचा सायलेन्सर

माझ्या भाच्याची बुलेट पोलिसांनी अडवली, सायलेन्सर काढून घेतला, आणि आठवड्याभरानं तो बाकीच्या शंभरेक सायलेन्सरांबरोबर रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोडरोलर फिरवला. त्याचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला. खाली दादानं लिहिलं, 'चोर सोडून संन्याशाला सुळी.' मग काका: 'आधी रस्त्यातले खड्डे बुजवा म्हणावं.' मग वहिनीचा भाऊ: 'तरण्या पोरांची हौससुद्धा बघवत नाही यांना.' संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर मेसेज झाले. कंपनीनं दिलेला धडधाकट सायलेन्सर काढून पोरानं फटाके वाजवणारा का बसवला, हे त्यातल्या एकानंही विचारलं नाही.

मी विचारलं. जरा लांबलचकच विचारलं. सायलेन्सर असा बदलणं केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसत नाही, आवाजाची मर्यादा मोडली तर कायद्यातल्या १९० (२) कलमाखाली पहिल्याच वेळेला दहा हजारांपर्यंत दंड आहे, सायलेन्सरवर भागलं हे नशीब समजा, असं सगळं. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग भाच्याचं उत्तर आलं, 'आत्या, तू लई जर्मन झालीस.'

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

काकांच्या खड्ड्यांचं आधी बघू. खड्डे खरेच आहेत. मी जर्मनीत राहते; डिसेंबरात गावी आले होते तेव्हा फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर दादाच्या स्कूटरवर मागे बसून माझी कंबर धरली होती. पण खड्डा हे सायलेन्सर बदलण्याचं किंवा हेल्मेट न घालण्याचं कारण कसं होऊ शकतं? खड्डा आहे म्हणून तर टायरला नक्षी हवी, ब्रेक लागायला हवा, डोक्याला टोपडं हवं. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हे सरकारनंच छापलेले आकडे आहेत. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा नवरा असाच गेला, घरापासून दोन किलोमीटरवर. हेल्मेट कपाटावर होतं. अजूनही तिथंच आहे. ती ते खाली काढत नाही.

आपण तर त्याला 'हेल्मेटसक्ती' म्हणतो. मी पुण्यात शिकत होते तेव्हाही हाच शब्द होता, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हाही हाच. हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती, सविनय कायदेभंग, स्वातंत्र्यलढ्यातली सगळी भाषा त्या एका टोपीसाठी बाहेर काढली गेली. ब्रेकसक्ती असं कुणी म्हणत नाही, हेडलाइटसक्ती असंही नाही. ज्या वस्तूला सक्ती हा शब्द चिकटला, ती वस्तू आपल्या जिवासाठी उरत नाही, पोलिसांसाठी होऊन बसते. मग नाका दिसला की घालायची आणि नाका गेला की आरशाला लटकवायची.

मी हे लिहिलं की दादा म्हणतो, 'तुमच्याकडं दंडच एवढे असतात की माणूस गपगुमान सरळ चालतो.' हा गैरसमज मला फार खुपतो. इथे बिनहेल्मेट गाडी चालवली तर दंड आहे १५ युरो. दोन ड्योनर सँडविचचे पैसे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनं केंद्रीय कायद्यात एक हजार रुपये आणि वर तीन महिने लायसन्स निलंबित, अशी तरतूद आली. पगाराच्या हिशेबानं पाहिलं तर आपला दंड कितीतरी जड. जर्मनीत हेल्मेटचा नियम १९७६ ला आला आणि दंड लागला १९८० च्या ऑगस्टमध्ये. मधली साडेचार वर्षं नियम होता पण पावती नव्हती, आणि बिनहेल्मेट फिरणारे त्या काळात इथेही पुष्कळ होते. दंड लागल्यावर बदललं हे खरं. पण माणसं सरळ झाली ती रकमेच्या आकड्यानं नाही. पावती प्रत्येकाला मिळते, माझ्या ओळखीचा कोण आहे हे न विचारता मिळते, म्हणून झाली.

मागच्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी मलाही थांबवलं होतं. आल्बच्या डोंगरावर चढताना एक वळण लागतं, त्याच्या पार्किंगमध्ये पोलिसांनी प्रत्येक मोटरसायकल आत घेतली होती. मी इथे लायसन्स नव्यानं काढलं, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही, आणि गेली तीन वर्षं पाचशे सीसीची सेकंडहँड गाडी चालवते. एक पोलीस खाली वाकला, टायरच्या खाचेत माप घातलं, १.६ मिलिमीटरच्या वर होतं. एक्झॉस्टवर कोरलेला नंबर वाचला. मग तीन पायांवरचा मायक्रोफोन नळीपासून अर्ध्या मीटरवर, पंचेचाळीस अंशांत लावला आणि मला ॲक्सिलरेटर पिळायला सांगितला, ठरलेल्या आरपीएमपर्यंत. मापात आलेला आकडा त्यानं माझ्या गाडीच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. एक डेसिबल कमीच भरला. अडलं ते लिव्हरवर. आधीच्या मालकानं ब्रेक-क्लचच्या आखूड लिव्हर बसवल्या होत्या आणि त्यांचं आबेए, म्हणजे असा भाग बसवायच्या परवानगीचा कागद, माझ्याकडे नव्हतं. त्यानं मेंगलकार्टं, म्हणजे दोष दुरुस्त करायची चिठ्ठी, लिहून दिलं: लिव्हर बदला, आठ दिवसांत कुठल्याही चौकीत गाडी दाखवा. आवाज चढला नाही, 'कुठून आलात' विचारलं नाही. मी बदलल्या, दाखवल्या, शिक्का घेतला, प्रकरण मिटलं.

मला सांगायचं आहे ते त्या कागदावरच्या आकड्याबद्दल. माझ्या गाडीनं उभी असताना किती आवाज करायचा हे तिच्या नोंदणीपत्रात छापलेलं आहे. तो पोलीस माझ्यावर रागावला असता किंवा खूश झाला असता तरी आकडा तोच राहिला असता. भाच्याच्या बुलेटच्या आरसीवर असा आकडा नाही. पीयूसीला गाडी नेली तर धूर तपासतात, आवाज कुणी तपासत नाही. म्हणजे भर उन्हात उभ्या असलेल्या त्या हवालदारानं ठरवायचं कशावर? कानावर. आणि कानानं ठरवलं की भांडण आलंच. 'साहेब, हा कंपनीचाच आहे', 'साहेब, बुलेट म्हटल्यावर आवाज असणारच.' मग तो चिडतो, हा फोन काढतो आणि कुणाला तरी लावतो.

आकडा आपल्याकडे नाही असं नाही. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, १९६६ पासून आहे. मी कोथरूडला राहत होते तेव्हा पहाटे तिथं चालायला जायचे. गाडी बाजारात येण्याआधी ज्या चाचण्या होतात त्या अशाच संस्थांत होतात, आवाजाचीसुद्धा. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला धावताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे बुलेट कंपनीतून निघते तेव्हा मोजूनमापून निघते. दुकानातून बाहेर पडली की पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या मिस्त्रीकडे जाते, आणि तिथून पुढे तिला मोजणारं कुणी नाही. इथे दर दोन वर्षांनी ट्यूफला, म्हणजे सक्तीच्या तपासणीला, गाडी न्यावी लागते, तिथेच बदललेला एक्झॉस्ट पकडला जातो. आपल्या खासगी दुचाकीला पंधरा वर्षं कुणी असं विचारत नाही. मग सगळा भार येतो त्या नाक्यावरच्या एका माणसावर आणि त्याच्या समोरच्या एका पोरावर.

म्हणून रोडरोलरचा मला राग येतो, आणि तो दादाच्या रागाहून वेगळा आहे. फोटोवाले बोलावून सायलेन्सर चिरडले की काय होतं? पोराला वाटतं, माझी इज्जत चिरडली. तो नियम लक्षात ठेवत नाही, अपमान लक्षात ठेवतो. ज्यानं सायलेन्सर विकला त्याचं दुकान दुसऱ्या दिवशी उघडंच असतं. नंबरप्लेटचंही तसंच. ४१४१ लिहून त्याचा 'दादा' करणाऱ्या प्लेटा गावोगाव रंगवल्या गेल्या त्या काय चोरून? आता एचएसआरपी ही सुरक्षा-नंबरप्लेट आली, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, आणि मुदत एकदा वाढली, दोनदा वाढली, पुन्हा वाढली. ज्यानं पहिल्या तारखेला रांग लावली तो मूर्ख ठरला. असा मूर्ख आमच्या घरात एकच होता, माझे बाबा. त्यांनी त्यांच्या जुन्या स्कूटरला पहिल्या महिन्यात प्लेट बसवून घेतली, आणि ग्रुपवर सगळ्यांनी त्यांची थट्टा केली.

भाचा हुशार आहे. दोन दिवसांनी त्यानं मला बातमी पाठवली: जुलै २०२० मध्ये जर्मनीत हजारो मोटरसायकलवाले रस्त्यावर उतरले होते, आवाजाच्या नावाखाली रविवारी बंदी घालायची भाषा नको म्हणून. शिवाय शेजारच्या ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतानं त्याच उन्हाळ्यात काही घाटांवर ९५ डेसिबलच्या वरच्या गाड्यांना मज्जाव केला. 'आत्या, तुझ्याकडंपण भांडतात की.' भांडतात. आणि टिरोलच्या बाबतीत भांडणाऱ्यांचं काही अंशी खरंही होतं. तिथे गाडी प्रत्यक्षात किती ओरडते हे बघतच नव्हते, कागदावरचा आकडा बघत होते. सगळी परवानगी असलेल्या, एकही स्क्रू न बदललेल्या गाड्या त्यात परत पाठवल्या गेल्या. कागदसुद्धा अन्याय करतो. पण त्या कागदाशी भांडता येतं, कोर्टात नेता येतं. हवालदाराच्या कानाशी कसं भांडणार?

मी भाच्याला एवढंच उत्तर दिलं, आणि ते बरोबर आहे असं मला आजही वाटतं. पण त्याला न सांगितलेल्या दोन गोष्टी आहेत.

आल्बवर त्या पोलिसानं माझे कागद हातात घेतले तेव्हा माझे हात थरथरत होते. इतके, की त्यानं विचारलं, बसायचं आहे का. माझा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा लांडराट्सआम्टमध्ये, म्हणजे जिल्हा कचेरीत, पडून होता, अजूनही आहे. लिव्हरच्या कागदामुळे तो अडणार नाही हे मला माहीत होतं. तरीही मनात एकच होतं की माझ्या नावापुढे काही लिहिलं जाऊ नये. मी इथे तांबड्या सिग्नलला रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर उभी राहते, बाटल्यांचं काचसामान रविवारी टाकत नाही, आणि घरच्यांना सांगते की ही शिस्त आहे. त्यातली बरीचशी भीती आहे. ज्याचं घर आहे तो एखादा नियम मोडून बघतो. मी पाहुणी आहे, आणि पाहुणीनं कप फोडायचा नसतो.

दुसरी गोष्ट डिसेंबरातली. मी दादाची स्कूटर घेऊन बाजारात निघाले होते. तोंडाला स्कार्फ, डोक्यावर काही नाही. हेल्मेट दारामागं होतं, मी बघितलं होतं, आणि घेतलं नाही. नाक्यावर हवालदारानं हात केला. मी स्कार्फ सोडून बाबांचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. 'सरांची मुलगी का? माहेरी आलाय व्हय ताई? जावा, सावकाश जावा.' बाबा त्याला आठवीला गणित शिकवायचे. मला पावती मिळायला हवी होती. हजार रुपये भरायला मी तयारही असायला हवी होते. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते असं की अकरा वर्षांत इतक्या हक्कानं मला कुणी हाक मारली नव्हती. बाजारापर्यंत डोळे भरून येत होते. ज्या ओळखीपायी आपल्याकडे नियम टिकत नाहीत असं मी ग्रुपवर लिहिते, त्याच ओळखीसाठी मी दर डिसेंबरला साडेसहा हजार किलोमीटर येते. अर्ज मंजूर झाला की भारताचा निळा पासपोर्ट परत करावा लागेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं ओसीआय कार्ड हातात येईल, आणि तो हवालदार तरीही मला सरांची मुलगीच म्हणेल की नाही, हे मला कुठल्याही कागदावरून कळणार नाही.

म्हणून ते 'जर्मन झालीस' लागलं.

परवा व्हिडिओ कॉलवर आई होती. तिला आता ऐकू कमी येतं. मशीन लावत नाही, कानात शिट्टी वाजते म्हणते. रात्री नातू घरी आल्याशिवाय तिला झोप लागत नाही, आणि तो आला हे तिला त्या फटाक्यांवरून कळायचं. चौकातून आवाज निघाला की ती म्हणायची, आला माझा बाळ, आणि कूस वळायची. कितीदा मीही इथून फोनवर तो आवाज ऐकलाय. आमच्या शेजारची म्हातारी, जिला नुकताच झटका येऊन गेलाय, ती त्याच आवाजानं दचकून उठायची. तेही मी वहिनीकडून ऐकलं होतं.

आता गाडीला कंपनीचा सायलेन्सर आहे. आई रात्री बारापर्यंत जागी राहून तीनदा विचारायची, आला का, आला का. वहिनी सांगत होती, आता तो गाडी लावली की आधी आजीच्या खोलीच्या खिडकीशी जातो, गजातून हात घालतो आणि तिच्या पायाला हात लावतो.

फोन ठेवायच्या आधी मी त्याला विचारलं, हेल्मेट कुठंय? त्यानं कॅमेरा फिरवून दाखवलं. खुंटीला होतं, आयएसआयचा शिक्का असलेलं, नवं.

'घालतोस?'

'घालतो गं आत्या. तू ये डिसेंबरात, तुलापण एक घेऊन ठेवलंय.'