बारा व्होल्टच तर आहे, म्हणे!

"जुन्या बोटीचं वायरिंग करा घरच्या घरी, कारागिराला एक रुपया देऊ नका" अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. दोन ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. परवा तोच भाच्यानं पाठवला आणि वर लिहिलं, "मामा, हे वाच. तू उगाच घाबरवत होतास." तिघा मित्रांत मिळून त्यानं नर्मदेकाठच्या चांदोदला एक जुनी फायबरची बोट घेतली आहे. वीस फुटी, मागे आउटबोर्ड (बाहेरून टांगलेलं इंजिन), डॅशवर मीटरांची रांग आणि त्यातलं चालू एकही नाही. म्हणजे आता हा पठ्ठ्या पक्कड घेऊन बसणार. माझं उभं आयुष्य वडोदऱ्यात गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलं, त्यामुळे यावर गप्प बसणं मला जमायचं नाही.

मेसेजचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: "बोटीत फक्त १२ व्होल्ट असतात, हात लावला तरी शॉक बसत नाही, म्हणून फ्यूजची गरज नाही."

शॉक बसत नाही, हे खरं. पण फ्यूज शॉकसाठी असतो हे यांना सांगितलं कोणी? फ्यूज असतो वायर जळू नये म्हणून. गाडीची साधी लेड-ॲसिड बॅटरी स्टार्टर फिरवताना शंभराच्या वर अँपिअर सहज देते. तिच्या दोन टोकांवर सरळ शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर वाहतात. दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीतून तेवढा करंट गेला की काही सेकंदांत तिचं पीव्हीसी वितळायला लागतं, आणि ती वायर ज्या जुडग्यात बांधली असेल त्या जुडग्यातल्या बाकीच्या वायरीही उघड्या पडतात. मग एकाचे चार शॉर्ट होतात. घरात निदान एमसीबी पडतो. या बोटीत पडायला काहीच ठेवलेलं नाही, आणि वायर जाते कुठून, तर सीटखालून, जिथं पेट्रोलची टाकी असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून बसते. पुढचं मी लिहायला नको.

अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल नावाची संस्था छोट्या बोटींची मानकं काढते. त्यांचं ई-११ हे मानक विजेबद्दल आहे. जगभर बोटीचं वायरिंग करणारे ते उशाशी ठेवतात. त्यात सरळ लिहिलंय की बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघणाऱ्या वायरीला, स्टार्टरची जाड केबल सोडून, सर्वसाधारणपणे ७ इंचांच्या आत फ्यूज किंवा ब्रेकर हवा. वायर पूर्ण लांबीभर पाइपात किंवा स्लीव्हमध्ये असेल तर अंतराची थोडी सवलत आहे, फ्यूजची नाही. सातच इंच का? कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कोणीच सांभाळत नाही, म्हणून तो होईल तेवढा छोटा ठेवायचा. आणि फ्यूजचा आकडा ठरतो वायरीच्या जाडीवरून. "दिवा ५ अँपिअर खातो पण फ्यूज सारखा उडतो, म्हणून ३० चा टाकला" असली हुशारी मी गाड्यांत भरपूर पाहिली आहे. ती केल्यावर फ्यूज असून नसल्यासारखाच.

"काही होत नाही हो" हे पालुपद मेसेजभर आहे. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्यातल्या हरणीच्या तलावात बोट उलटली आणि १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथं दोष वायरिंगचा नव्हता. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. पण वडोदऱ्याच्या माणसानं तरी बोटीबद्दल हे वाक्य इतक्या सहज पुढे ढकलू नये.

दुसरा मुद्दा: "घरात उरलेली वायर वापरा, तिच्यावर ११०० व्होल्ट छापलेलं असतं, १२ व्होल्ट म्हणजे तिला काहीच नाही."

वाचून मी कपाळाला हात लावला. ते ११०० व्होल्ट वरच्या आवरणाचे आहेत. किती करंट वाहील आणि टोकाला किती व्होल्ट पोचतील, हे आतल्या तांब्यावर ठरतं. ५५ वॅटचा दिवा घरी २३० व्होल्टवर पाव अँपिअरही खात नाही, तोच ५५ वॅटचा हॅलोजन बोटीत साडेचार अँपिअरच्या वर जातो. घरी वायरीत एक व्होल्ट गळाला तर कोणाला कळतही नाही. बारातला एक गळाला तर दिवा पिवळा पडतो.

भाच्याच्याच बोटीचा हिशोब घ्या. बॅटरी मागे, दिवे पुढे, मध्ये सहा मीटर. करंटला जाऊन परत यायचं असतं, म्हणून वायर धरायची बारा मीटर. (इथंच निम्मे लोक चुकतात, एकेरी लांबी धरून बसतात.) मेसेज म्हणतो, पुढचे सगळे दिवे १ स्क्वेअर मिलिमीटरच्या एकाच जोडीवर घ्या. या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण साडेएकोणीस ओहम, म्हणजे बारा मीटरला ०.२३. त्यावर ५५ वॅटचा सर्चलाइट आणि १०-१० वॅटचे लाल-हिरवे दिवे, मिळून सहा-सव्वासहा अँपिअर. गळती झाली जवळजवळ दीड व्होल्ट, बारा टक्के. आणि फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्यानं उतरतो. बारा टक्के व्होल्टेज गेलं तर उजेड एक तृतीयांशानं जातो.

त्याच ई-११ मध्ये नॅव्हिगेशनच्या दिव्यांसाठी गळतीची मर्यादा ३ टक्के आहे, बाकी किरकोळ गोष्टींना १० टक्क्यांपर्यंत चालतं. मग करायचं काय? दोन्ही वेगळे काढायचे. लाल-हिरव्याला स्वतःची दीड स्क्वेअरची जोडी दिली की गळती सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येते. सर्चलाइटला अडीच स्क्वेअर, स्वतःचा स्विच, स्वतःचा फ्यूज. तेवढ्यात भागतं. फार खर्चाचंही नाही.

आता अर्धं माप त्यांच्या पदरात टाकतो. हल्ली घरासाठी मिळणारी चांगल्या कंपनीची वायर बारीक तारांची, तांब्याची असते आणि योग्य जाडीची घेतली तर ती अगदीच टाकाऊ नाही. पण मेसेजमधला शब्द "उरलेली" आहे. जुन्या घरांत उरलेली म्हणजे काय असतं? लाकडी पट्टीवरून काढलेली एकेरी ॲल्युमिनियमची तार. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि इंजिनाच्या थरथराटात ती वळणावर तुटते. भाच्यानं डॅशच्या मागचा फोटो पाठवलाय त्यात हेच दिसतं: ॲल्युमिनियमची तार तांब्याला पिळलेली, सांध्यावर पांढरी पावडर, आणि टेप सुटून खाली लोंबतेय. आधीच्या मालकालाही हाच मेसेज आला होता की काय, कोण जाणे.

तिसरा मुद्दा तर निव्वळ विनोद आहे. "कारसारखं निगेटिव्ह बॉडीला द्या, अर्धी वायर वाचेल." बोट फायबरची आहे हो! प्लास्टिकच्या बादलीला अर्थिंग देण्यासारखं झालं हे. बोट ॲल्युमिनियमची असेल तर करंट वाहील, पण तोच करंट पाण्यात वाट शोधून तळाचा धातू खात बसेल. प्रत्येक उपकरणाला निगेटिव्हची वेगळी वायर आणि त्या सगळ्या एका बसबारवर, म्हणजे वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीवर. विषय संपला.

"भंगारातून कुठल्याही कारचं मीटर आणा, सगळी १२ व्होल्टचीच असतात." व्होल्टमीटरपुरतं मान्य, तो कुठलाही चालतो. पेट्रोलच्या मीटरचं तसं नाही. टाकीतला सेंडर म्हणजे तरंगत्या गोळ्यानं बदलणारा रोध, आणि मीटर तोच वाचतं. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरली की ३३. युरोपियन पद्धतीत बरोबर उलटं: रिकामी असताना १० आणि भरली की १८०. कारच्या कंपन्यांचे आकडे आणखी वेगळे. अमेरिकन सेंडरवर युरोपियन मीटर जोडलं तर टाकी काठोकाठ असताना काटा तळाशी, आणि पेट्रोल संपत आलं की काटा "फुल"च्याही पुढे! चांदोदजवळच्या कर्नाळीच्या कुबेराच्या देवळाला अमावास्येची गर्दी घेऊन निघालात आणि ऐन प्रवाहात इंजिन बंद पडलं, तर तो काटा दाखवून लोकांची समजूत घालणार का? मल्टिमीटरनं सेंडरचा रोध मोजा, गोळा हातानं वर-खाली करून दोन्ही टोकांचे आकडे लिहून घ्या आणि त्याच जोडीचं मीटर आणा. पाच मिनिटांचं काम आहे. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या आरपीएम मीटरलाही मागे एक छोटा निवडक स्विच असतो, तो इंजिनाच्या अल्टरनेटरच्या पोलांप्रमाणे लावावा लागतो. नाहीतर काटा हलतो छान, पण आकडा खोटा. आणि ते करंट मोजणारं ॲमीटर बसवायचं खूळ सोडा. त्यासाठी बोटीचा सगळा करंट डॅशपर्यंत नेऊन परत आणावा लागतो.

दिव्यांबद्दल मेसेज म्हणतो, "लाल-हिरवे शोभेचे, कुठेही लावा. पुढे एलईडी बार लावला की काम झालं." शोभेचे? लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. प्रत्येकाचा उजेड नाकासमोरून सुरू होऊन बाजूला ११२.५ अंशांपर्यंत, त्यापलीकडे दिसायचा नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत हे लिहिलेलं आहे, आणि १२ मीटरपेक्षा लहान बोटीला यांच्या जोडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो, अशी सोयही आहे. समुद्राचे नियम नर्मदेत कशाला, असं कोणी म्हणेल. अहो, अंधारात समोरच्याला तुमची बोट दिसतच नाही, दिसतात ते दिवे. नुसता लाल दिसला तर तो समजतो की तुमची डावी बाजू त्याच्याकडे आहे. लाल-हिरवे दोन्ही दिसले की समजतो, तुम्ही थेट अंगावर येताय. उलटे लावलेत तर तो बिचारा नियमानं वागून तुमच्यावर येऊन आदळेल. एलईडी बार चालवणाऱ्याचेच डोळे दिपवतो, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

सांध्यांबद्दल: "पिळा, सोल्डर करा, काळी टेप." सोल्डरनं करंट चांगला जातो, नाही कोण म्हणतं. पण जिथं सोल्डर संपतं तिथं बारीक तारांची लवचीक वायर एकदम कडक होते आणि थरथराटानं बरोबर तिथंच तुटते. म्हणून ई-११ म्हणतं की सांध्याची पकड नुसत्या सोल्डरवर सोडू नका. लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) नीट दाबून पंच करा, वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. काळ्या टेपच्या गोंदाचं आपल्याकडच्या मे महिन्यात काय होतं ते कोणालाही विचारा.

"कथिलाचा मुलामा दिलेली मरीन वायर म्हणजे लूट" हा एक मुद्दा मात्र, नाइलाजानं का होईना, निम्मा सोडून देतो. ई-११ सुद्धा अशी वायर सक्तीची करत नाही. चांदोदचं पाणी गोडं आहे, तिथं बारीक तारांची साधी तांब्याची ऑटो वायर, सांधे नीट बंद केले तर, बरीच वर्षं जाते. बोट भरूचच्या खाली खाडीकडे नेणार असाल तर मुलाम्याचीच घ्या, खारं पाणी तारांमधून आत चढत जातं.

आता शेवटचा मुद्दा. "बिल्ज पंप चावीवर घ्या, म्हणजे बोट उभी असताना बॅटरी उतरत नाही." तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा हा पंप. बोटीवर कोणी नसतं तेव्हाच त्याची खरी गरज असते, आणि हे महाशय तेव्हाच तो बंद ठेवायला सांगतायत. वीस फुटी उघड्या बोटीवर एका दिवसात चार इंच पाऊस पडला, आणि तेवढा आपल्याकडे काही नवलाचा नाही, तर आत आठ-नऊशे लिटर पाणी साचतं. वजन पाऊण टनाच्या वर. पंप फ्लोट स्विचवरून (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा स्विच), स्वतःच्या फ्यूजसकट, थेट बॅटरीवर हवा, मेन स्विचच्या अलीकडून. चावीचा आणि त्याचा संबंधच नको. ताशी ५०० गॅलनचा छोटा पंप तेवढं पाणी कागदावर अर्ध्या तासात आणि प्रत्यक्षात तासाभरात काढतो. खातो दोन-तीन अँपिअर, म्हणजे ६० अँपिअर-तासाच्या बॅटरीतले फार तर तीन. तेवढे वाचवायला यांनी पंप चावीवर घेतलाय.