पाटली घरी आली, निकाल आला नाही

गेल्या दिवाळीच्या आसपास अमेरिकेतून दादाशी फोनवर बोलताना मी सहज म्हणाले, "आज इथल्या कोर्टात ज्युरी म्हणून बोलावलं होतं. चोरीचा खटला होता, दुपारच्या आत मिटलासुद्धा." दादा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आणि आपल्या केसला आठ वर्षं झाली."

आपली केस म्हणजे आईच्या पाटल्यांची. २०१७ साली लग्नाहून परतताना तिने पाटल्या काढून पर्समध्ये ठेवल्या होत्या, आणि सातारा जिल्ह्यातल्या एका स्टँडवर एसटीत चढताना गर्दीत त्या गेल्या. पोलिसांनी महिन्याभरात छडा लावला, हे त्यांचं श्रेय. एक पाटली जशीच्या तशी मिळाली, दुसरीची लगड झाली होती. पण मुद्देमाल सोडवून आणताना दादाची चप्पल झिजली. असा माल पंधरा दिवस, फार तर महिनाभर, त्याहून जास्त पोलिसांकडे पडून राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितलं आहे. आमची पाटली सव्वा वर्षाने घरी आली, तीही सुपूर्तनाम्यावर. विकायची नाही, मोडायची नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. आईने ती पुन्हा हातात घातलीच नाही. "कोर्टाची वस्तू आहे ती," म्हणायची. लाल डबीत, सुपूर्तनाम्याच्या झेरॉक्सची घडी खाली घालून तिने ती कपाटात ठेवली. २०२२ मध्ये आई गेली. डबी अजून तिथेच आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतात नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच सूर असतो: अमेरिकेसारखं करा, झटपट निकाल लावा. माझं म्हणणं एवढंच आहे की तो निकाल झटपट कशामुळे लागतो ते आधी बघा. मी बघितलंय.

मी राहते त्या टेक्सासमध्ये अडीच हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी 'फेलनी', म्हणजे गंभीर गुन्हा ठरते, आणि आरोपीला बारा सामान्य नागरिकांच्या ज्युरीसमोर खटला मागता येतो. त्या दिवशी आम्ही साठेक जण कोर्टाच्या व्हरांड्यात बाकांवर बसलो होतो. दोन्ही बाजूंचे वकील सारखे आत-बाहेर करत होते. साडेअकराला न्यायाधीश बाईंनी आम्हाला आत घेतलं, आभार मानले आणि सांगितलं, "तुम्ही बाहेर येऊन बसलात म्हणून हे मिटलं. आता घरी जाऊ शकता." मी मागच्या बाकावर बसून राहिले. आरोपी विशीतला मुलगा, बांधकामावरची अवजारं पळवलेली. न्यायाधीश बाई त्याला विचारत होत्या: कुणी दबाव आणला का? कागद वाचून सही केली का? नागरिक नसाल तर देश सोडावा लागू शकतो, माहीत आहे का? प्रत्येक प्रश्नाला तो आधी शेजारच्या वकिलाकडे बघायचा आणि मग "येस, मॅम" म्हणायचा. तीन वर्षं देखरेख, अवजारांची भरपाई हप्त्याहप्त्याने, आणि तेवढा काळ नीट वागला तर दोषी ठरवणार नाहीत. सगळं मिळून बारा मिनिटं लागली.

म्हणजे खटला चाललाच नाही, सौदा झाला: गुन्हा कबूल करायचा, बदल्यात शिक्षेत सवलत. राज्यांच्या न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकी ९४ टक्के लोक गुन्हा कबूल करून दोषी ठरतात, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये नमूद केलंय. तो सौदा किती निर्दयी होऊ शकतो ते पॉल हेजच्या खटल्यात दिसतं. केंटकी राज्यात ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकसाठी सरकारी वकिलाने त्याला सांगितलं, कबूल कर, पाच वर्षं मागतो. नाही म्हणालास तर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. तो नाही म्हणाला आणि त्याला जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतलं. असली घाई मला आपल्याकडे नको आहे.

मला हवा आहे तो त्या मुलाच्या शेजारी बसलेला वकील. तोही इथे आपोआप आलेला नाही. फ्लोरिडात क्लॅरेन्स गिडियनवर पूल हॉल फोडल्याचा आरोप होता. वकील मागितला तर मिळाला नाही, पाच वर्षं शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीचा सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. पुन्हा खटला चालला, या वेळी वकील होता, आणि ज्युरीने तासाभरात त्याला सोडलं. आज टेक्सासच्या मोठ्या काउंटीत अटकेतल्या गरीब आरोपीचा अर्ज पोचला की कामकाजाच्या एका दिवसात वकील नेमावा लागतो.

आपल्याकडेही सौद्याची तरतूद आहे. २००६ पासून सात वर्षांपर्यंतच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपीला तसा अर्ज करता येतो आणि त्या बोलणीत फिर्यादीलाही बसवतात. नव्या संहितेत पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला शिक्षेच्या सहाव्या हिश्श्यावर सोडता येतं. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे सहा महिने. आमच्या केसमधली आरोपी बाई जामीनदार नाही म्हणून सात महिने आत होती. स्त्री आरोपीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याचा कायदा १९८७ चा आहे. तिला हे वेळेवर कुणी सांगितलं नसावं. आम्हालाही कुणी काही सांगितलं नाही. पंच दोनदा आले नाहीत, साहेबांची बदली झाली, तारीख पुढे गेली, एवढंच दर वेळी कळायचं.

इथल्या आपल्या मुलांच्या आईवडिलांनी मात्र एक लक्षात ठेवावं. 'नीट वागलास तर दोषी नाहीस' हा सौदा राज्याच्या कोर्टापुरता असतो. गुन्हा कबूल केलेला असला की इमिग्रेशनच्या कायद्यात तो दोषच धरला जातो. चोरी केल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो, असा इशारा भारतातल्या अमेरिकी दूतावासाने २०२५ मध्ये जाहीरपणे दिला आहे. फौजदारी वकिलाच्या जोडीला इमिग्रेशनचा वकील गाठल्याशिवाय कशावरही सही करू नका.

दादाने आता वेगळा विचार केलाय. चोरीच्या गुन्ह्यात मालकाला तडजोड करता येते. मालक हयात नसेल तर कोर्टाच्या परवानगीने वारसाला. ती बाई तारखेला येते तेव्हा तिचा मुलगा बरोबर असतो. पहिल्या तारखांना तो कडेवर होता, आता शाळेच्या गणवेशात येतो. दादाने वकिलांना अर्ज तयार करायला सांगितलंय. त्याला आईचा मृत्यूचा दाखला जोडायचा आहे, आणि माझंही संमतिपत्र लागणार आहे. ते मी या आठवड्यात नोटरी करून पाठवते आहे.