आधी भिंत ओळखा, मग रेघ पुसा

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तीन ग्रुपवर तोच मेसेज आला. मजकूर थोडक्यात असा: लेकरानं भिंतीवर पेननं रेघोट्या ओढल्या तर पांढरी टूथपेस्ट लावून घासा, भिंत कोणतीही असो, पेन कोणतंही असो, दोन मिनिटांत साफ. नाही गेलं तर नेलपॉलिश रिमूव्हर. तरी राहिलं तर ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करून लावा, भरपूर पाण्यानं धुवा. शेवटी पॉलिश पेपर मारून वरून रंगाचा एक हात. आणि तळाला, 'लेकराला एक चापट द्या, पुन्हा करणार नाही.'

मी लातुरात भाड्याच्या घरात राहते. मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि धाकटा भाऊ रंगकामाचे ठेके घेतो. हा मेसेज वाचून गप्प बसणं मला जमलं नाही, कारण यातला एक उपाय मी स्वतः करून बसले आहे आणि दुसरा एक लेकराच्या जिवावर बेतू शकतो.

आधी टूथपेस्ट. तिच्यात बारीक घासणारी भुकटी असते, दातावरचा थर खरवडण्यासाठी. भिंतीवर ती तेच करते, शाईबरोबर रंगाचा वरचा थरही काढते. आमच्या हॉलमध्ये हातभर लांबीची निळी रेघ होती. मी पेस्ट लावली, जुन्या ब्रशनं घासली, रेघ फिकी झाली, मला बरं वाटलं. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आलं तेव्हा तिथं तळहाताएवढा चकचकीत डाग दिसला. बाकी भिंत मॅट आणि मध्येच तेवढी जागा ताटासारखी चमकते. भावानं येऊन बोट फिरवलं आणि म्हणाला, "अक्का, रेघ निघाली असती गं. ही चकाकी आता रंग दिल्याशिवाय जात नाही." मॅट रंग अंगानं बारीक खरबरीत असतो. घासला की गुळगुळीत होतो आणि उजेड परतवायला लागतो. बाजारात मिळणारा पांढरा 'जादूचा' स्पंजही घासूनच काम करतो, त्यालाही हेच लागू.

पण मेसेजची खरी चूक 'कोणतीही भिंत' या दोन शब्दांत आहे. आपल्याकडं एकाच घरात तीन तऱ्हेच्या भिंती असतात. भाड्याच्या खोल्यांना बहुतेक डिस्टेंपर, बैठकीला प्लॅस्टिक इमल्शन, आणि जुन्या घरात स्वयंपाकघराला खालून कंबरेइतका ऑइल पेंटचा पट्टा. ओळखायचं कसं? दाराआडच्या कोपऱ्यात कोरडा तळहात फिरवा. हाताला पांढरी भुकटी आली तर साधा डिस्टेंपर किंवा चुना. त्याला पाणीच सोसत नाही. ओलं फडकं लावलं की रेघेसकट रंग निघतो आणि ढगासारखा डाग उरतो. अशा भिंतीवर पेन्सिल असेल तर खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, पेन असेल तर पुढच्या रंगकामापर्यंत राहू द्या. भुकटी आली नाही आणि ओल्या बोटानंही रंग सुटला नाही तर इमल्शन. ऑइल पेंट चकाकीवरून कळतोच, आणि पुसायला सगळ्यांत सोपाही तोच.

आता 'कोणतंही पेन'. स्केचपेनवर धुऊन जाणारं असं लिहिलं असेल तर ओल्या मऊ फडक्यानं बहुतेक काम होतं. मेणाचा खडू हे मेणच. भांड्याच्या साबणाचा एक थेंब कोमट पाण्यात घालून पुसा. बॉलपेनची शाई तेलकट द्रवात विरघळवलेली असते, म्हणून पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटला देते. जेलपेनचं उलट. त्यात बहुधा रंगाचे न विरघळणारे कण असतात. तिथं स्पिरिट फारसं चालत नाही, साबणाचं पाणीच सावकाश वापरून बघायचं.

बॉलपेनसाठी भाऊ करतो ते सांगते. मेडिकलवरचं सर्जिकल स्पिरिट आणायचं. जेलचं सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकट डाग सोडतं. आधी कपाटामागं थेंबभर लावून बघायचं. कान कोरायची कापसाची काडी जेमतेम ओली करायची आणि रेघेवर नुसती टेकवून उचलायची. घासायचं नाही, कारण स्पिरिटनं इमल्शनही मऊ पडतं आणि शाई आडवी पसरते. काडीचं टोक निळं झालं की लगेच दुसरी. आमच्या दुसऱ्या रेघेला अकरा काड्या लागल्या, पण भिंतीला धक्का नाही. खिडकी उघडी, गॅस बंद, लेकरू दुसऱ्या खोलीत आणि बाटली उंचावर. स्पिरिट चटकन पेट घेतं, आणि लेकरानं तोंडाला लावलं तर दवाखानाच.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं. ते इमल्शनचा रंगच विरघळवतं. विषय संपला.

ब्लीच आणि व्हिनेगर: हे वाचून मला धडकी भरली. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर हे आम्ल, बाथरूम धुवायचं ॲसिडही आम्लच. गावाकडं टाकीत, आडात टाकतात ती टीसीएल पावडरही ब्लीचच्याच जातीची. क्लोरीननं डोळे, घसा, छाती जळते, श्वास कोंडतो. आणि हा वायू हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असतो, म्हणजे खाली बसतो. आपण उभं राहून घासतो, लेकरू फरशीवर बसलेलं असतं. कुणी हे आधीच करून बसलं असेल आणि वास आला तर लेकराला उचलून आधी मोकळ्या हवेत जा, डोळे चुरचुरत असतील किंवा खोकला थांबत नसेल तर डॉक्टरकडं. एवढं करून रेघ जाईलच असंही नाही, भिंतीचा रंग मात्र नक्की उडेल.

आणि 'भरपूर पाण्यानं धुवा'? 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं हे गाव आहे. वाटीभर पाणी पुरतं. तेही प्यायचं घ्या, बोअरचं नको, बोअरच्या क्षारांचा पांढरा कड भिंतीवर वाळून बसतो.

रंगाचा एक हात मारणं सोपं वाटतं. पण बॉलपेनची शाई पाण्याच्या रंगात झिरपून वर येते. आज पांढरं दिसतं, चार दिवसांत निळसर सावली उमटते, दुसरा हात दिला तरी पुन्हा तेच. रेघेवर आधी ऑइल प्रायमर किंवा लाखेचं पॉलिश लावून वाळवायचं, मगच रंग. आणि ठिगळासारखा नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत; जुन्या रंगात नवी शेड लपत नाही. पॉलिश पेपरबद्दल तर आणखी सावध. घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा घालणारा केंद्राचा नियम 2016 चा, लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासला की धूळ फरशीवर, फरशीवरून लेकराच्या हाताला आणि हातातून तोंडात जाते. लहान मेंदूला शिसं फार वाईट.

राहिली चापट. अडीच वर्षांच्या लेकराला कागद आणि भिंत यांतला फरक अजून कळलेला नसतो. त्याला एवढंच कळलेलं असतं की हात फिरवला की मागं काहीतरी उमटतं. तो खांद्यापासून अख्खा हात फिरवतो, वहीचं पान त्याला पुरतच नाही. माझी आजी माळवदाच्या घरात राहायची. आम्ही कोळशानं भिंती काळ्या केल्या तरी ती दसऱ्याआधी पांढऱ्या मातीनं पोतारताना म्हणायची, "राहू दे, दरसाल पोतारायचंच असतंय." आमच्या भाड्याच्या भिंतींना ते नशीब नाही, पण म्हणून हात उगारायचा? मी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून, त्याचा हात पोचतो तिथपर्यंत, हॉलच्या भिंतीला चिकटपट्टीनं लावली आहेत. बॉलपेनं फ्रिजवर ठेवली, खाली मेणाचे खडू. काल त्यानं जीभ बाहेर काढून एक लांब वाकडी रेघ ओढली, कागदाच्या कडेला येऊन थांबला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "टमटम."

कॅलेंडर संपत आलं आहे, शेजारच्या काकूंकडून आणखी दोन आणली.