चकलीचा चालू भाव

एकाच वेबसाइटवर, एकाच मिनिटाला, एकाच चकलीचे दोन भाव असू शकतात आणि तरीही कुणी लबाडी केलेली नसते, हे कोथरूडच्या एखाद्या काकूंना फोनवर पटवून द्यायची वेळ ज्याच्यावर आली नाही, त्याच्या पत्रिकेत ग्रह चांगले पडलेत. माझ्या पत्रिकेत सॉफ्टवेअर पडलंय. दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत मी बॅकएंड, म्हणजे वेबसाइटच्या पडद्यामागची यंत्रणा, सांभाळतो.

भाजणी महागली म्हणून चकली 480 वरून 540 रुपये किलो झाली. हा बदल झाला मुंबईतल्या मूळ डेटाबेसमध्ये. पण पान उघडणाऱ्या प्रत्येकासाठी डेटाबेसला कामाला लावलं, तर धनत्रयोदशीच्या आधीच तो अंथरूण धरेल. म्हणून सतत लागणाऱ्या गोष्टींची एक प्रत रेडिस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे थेट मेमरीत, काढून ठेवतात. रेडिसपर्यंतचीही फेरी वाचावी म्हणून प्रत्येक सर्व्हर आणखी एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. ही सगळी कॅशे.

आमची नाशिकची आत्या म्हणजे चालतीबोलती कॅशे. खानदानातलं काहीही विचारा, उत्तर तयार. ज्याची गोष्ट आहे त्याला फोन लावावा लागत नाही. फक्त ती माहिती कधीची, हे आत्या सांगत नाही. माझ्या लग्नाच्या वेळी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, त्या गडबडीत पत्रिका तिच्या हातात पडलीच नाही, आणि पुढे कितीतरी दिवस ती माझ्यासाठी स्थळं पाठवत राहिली. फोटोसकट. बायकोने एक बायोडेटा वाचून "मुलगी चांगली आहे" एवढंच म्हटलं आणि कुकर लावायला गेली.

तेव्हा भाव बदलला की प्रती पुसायच्या, हा नियम. तो आमच्याकडेही आहे. पण पुसलेला भाव परत उगवतो, आणि कसा ते ऐकण्यासारखं आहे. कॅशेत भाव नाही म्हणून एका सर्व्हरने डेटाबेसला विचारलं. उत्तर आलं 480. तो ते कॅशेत ठेवणार, तेवढ्यात क्षणभर अडकला. त्या क्षणात कुणीतरी डेटाबेसमध्ये 540 केले, कॅशे पुसली आणि हात झटकले. मग हा सर्व्हर जागा झाला आणि त्याने प्रामाणिकपणे हातातले 480 कॅशेत ठेवले. कॅशेतल्या प्रतीला एक मुदत दिलेली असते, आता ती संपेपर्यंत चकली 480. प्रत्येकाने आपलं काम चोख केलेलं, दोष द्यायला माणूस सापडत नाही, आणि ऑफिसात ही परिस्थिती फार अवघड असते.

फेसबुकच्या इंजिनिअरांनी 2013 च्या शोधनिबंधात यावर उपाय मांडला आहे. कॅशेत वस्तू सापडली नाही की विचारणाऱ्याला एक टोकन द्यायचं. मधल्या काळात ती नोंद पुसली गेली तर टोकन बाद. बाद टोकन घेऊन आलेल्याचा माल परत पाठवायचा. वाचून मला इतका आनंद झाला की मी तो आमच्या मॅनेजरांना सांगितला. ते म्हणाले, "छान आहे. दिवाळीनंतर बघू."

तोवर काकूंचा फोन. "अहो, मघाशी 540 होती, आता 480 आहे, परत बघितलं तर 540. नक्की काय ते एकदा ठरवा." दर रिफ्रेशला त्या वेगळ्या सर्व्हरवर पोचत होत्या. मी म्हटलं, काकू, थोड्या वेळाने सगळीकडे एकच भाव दिसेल. "थोड्या वेळाने म्हणजे किती वाजता?" हा प्रश्न थेट मर्मावर होता. अशा सिस्टिमची हमी एवढीच असते की नवे बदल थांबले तर सगळ्या प्रती शेवटी सारख्या होतील. कधी, ते त्या हमीत नसतं. काकूंना मी पाच वाजता म्हणून सांगितलं.

पाचच्या आधीच त्यांनी ऑर्डर दिली. ती मुंबईत नोंदली गेली, पण "माझ्या ऑर्डर्स" हे पान डेटाबेसच्या हैदराबादेतल्या प्रतीतून वाचलं जातं, आणि सणाच्या गर्दीत ती प्रत मागे पडलेली. पान म्हणालं, तुमची एकही ऑर्डर नाही. काकूंनी पुन्हा दिली. घरी दोन किलो चकली आली, वर शंकरपाळीही, जी त्यांनी यादीतून काढून टाकली होती. यावर मी बचावात अ‍ॅमेझॉनचा 2007 चा डायनॅमो या त्यांच्या डेटा साठवणाऱ्या यंत्रणेवरचा निबंध काढला. त्यात स्वच्छ लिहिलंय की कार्टमध्ये टाकलेली वस्तू हरवणार नाही, पण काढलेली पुन्हा उगवू शकते. काकू म्हणाल्या, "त्यांच्याकडे उगवू दे. आमच्याकडे शंकरपाळी कुणी खात नाही."

मॅनेजरांनी बैठक बोलावली. "अरे, मुदत शून्य कर ना. कॅशेच नको." मी त्यांना 23 सप्टेंबर 2010 ची गोष्ट सांगितली. फेसबुकवर एक सेटिंग चुकीचं ठरलं, आणि ते दुरुस्त करायला सगळे सर्व्हर एकदम डेटाबेसवर धावले. डेटाबेसने दमून एरर दिला की ते समजायचे कॅशेतली नोंदच खराब आहे, ती पुसायचे आणि पुन्हा धावायचे. शेवटी साइटच बंद करावी लागली. सुमारे अडीच तास. "बरं, मग भाव नेहमी बरोबरही दाखव आणि साइट कधी बंदही पडू देऊ नकोस." मी म्हटलं, डेटा सेंटरांमधला संपर्क तुटला तर दोन्ही जमत नाही, संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी 2000 मध्ये तसा अंदाज मांडला आणि 2002 मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी तो सिद्धही केला. मॅनेजर म्हणाले, "ते त्यांचं झालं. आपण क्लायंटला शब्द दिलाय."

इकडे काकूंनी शोध लावला होता की चिकाटीने रिफ्रेश करत राहिलं की चकली स्वस्त होते. असले शोध काकू स्वतःजवळ ठेवत नाहीत. संध्याकाळपर्यंत ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं, रात्री भिशीच्या, सकाळी माहेरच्या. लोक चहा पिता पिता रिफ्रेश करू लागले आणि 480 दिसले की झडप घालू लागले. पैसे भरताना भाव थेट डेटाबेसमधून वाचायची सोय मी केली, तर पाटीवर एक आणि गल्ल्यावर एक म्हणून तक्रारींचा पाऊस. मग वरून हुकूम आला: जो भाव दिसला असेल तोच घ्या.

दिवाळी झाली. टोकनाची व्यवस्था बसवली, सर्व्हरांजवळच्या प्रती काढून टाकल्या, भाव सगळीकडे एक झाला. कुणाचाही फोन नाही. मग मार्केटिंगचा आला. विक्रीचे आकडे त्यांना फार आवडले होते, आणि लोकांनी एवढा वेळ साइटवर घालवल्याचं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. सोमवारी माझ्या नावावर नवं काम पडलं: "ग्राहकाला भाव अधूनमधून जुना दिसावा, पण का ते कळू नये. प्राधान्य: तातडीचं."