लेकराला झोपवायचं औषध मागू नका

आज सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला मेडिकलवर गेली होती. बाजूला आमच्याच गल्लीतल्या एक काकू उभ्या. त्यांची सून पुढच्या आठवड्यात पावणेदोन वर्षांच्या पोराला घेऊन एकटी मेलबर्नला चालली नवऱ्याकडे. काकू म्हणे, "ते सर्दीचं औषध द्या बाप्पा, ज्यानं लेकरू झोपते, विमानात तरास देईन नाहीतर." अन् दुकानदारानं ना वय विचारलं ना वजन, सरळ बाटली काढून काउंटरवर ठेवली! मी तिथंच बोलली. काकूंना राग आला असेल तर येऊ द्या.

अरे आपण वरूडचे लोकं, मध्य प्रदेशातला छिंदवाडा आपल्याला परका आहे का? २०२५ मध्ये तिथली लेकरं खोकल्याच्या औषधानं किडन्या निकामी होऊन गेली, कितीतरी तर नागपूरच्या दवाखान्यात दगावली. सगळे हळहळले अन् विसरले. हो, त्या बाटलीत डायइथिलिन ग्लायकॉल नावाचं विष निघालं, ते प्रकरण वेगळं, मान्य. पण त्यानंतर केंद्र सरकारनं सांगितलं नं, दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका म्हणून! त्याच्याही आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामाइन अन् फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखाली नको असं लेबलवर छापायला लावलं होतं. गुंगी येते ती याच क्लोरफेनिरामाइननं. अन् एखादं लेकरू त्यानं झोपत नाही, उलट आणखी चवताळते. विमानातली हवा म्हणजे सहा ते आठ हजार फुटांवरची, विरळ, आपल्या चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट उंची समजा. तिथं गुंगीतल्या लेकराच्या श्वासाकडे रात्रभर कोण पाहणार?

मी माझ्या पोरीला घेऊन एकटी गेली आहे. दीड वर्षाची होती, नागपूरहून दोहा अन् दोह्याहून ह्यूस्टन, तो दुसरा टप्पाच सोळा तासांच्या आसपास. दोन वर्षांखाली तिकीट स्वस्त पण सीट नाही, लेकरू मांडीवर. घरी अंगण-गोठा-गल्ली करत दिवसभर पळणारी पोट्टी मांडीवर किती वेळ बसेल? तिचे पाय पुढच्या सीटला लागले तर ते साहेब वळले अन् म्हणाले, "इसको कुछ दे क्यों नहीं देतीं?" कुछ म्हणजे काय ते त्यांनाही माहीत होतं अन् मलाही.

बाकीच्यांनीही पैसे भरलेले असतात, त्यांना झोप पाहिजे, कळते मला. सीटला लाथा बसू न देणं आईचंच काम आहे. म्हणून पट्ट्याची लाईट बंद झाली की मी तिला खाली सोडायची अन् मागच्या किचनपर्यंत फेऱ्या मारायची. चालून चालून दमली अन् स्वतःच्या मनानं झोपली.

काकू वाईट नाहीत हो. सून एकटी, कोणी इंग्रजीत खेकसलं तर काय करेल, या धाकानं त्यांनी बाटली मागितली. तर सुनेसाठी सांगते. खेळणी एकेक काढायची, पिशवी एकदम उपडी नाही करायची. दशम्या घे, मऊ असतात, फुटाणे-शेंगदाणे नको, घशात अडकतात. लेकराचं दूध-पाणी शंभर मिलीच्या नियमात धरत नाहीत, सिक्युरिटीवर फक्त आधी सांगायचं. अन् विमान खाली उतरायला लागलं की दूध पाज नाहीतर घोटघोट पाणी दे, गिळलं की कान मोकळे होतात, झोपलं असेल तर उठव. औषधानं पाडून ठेवलेलं लेकरू गिळणार कसं, सांगा नं! माझी पोरगी उतरताना दूध पीत होती, रडली नाही, तेव्हा मात्र त्या साहेबांनी मागं वळून पाहिलं नाही.

डॉक्टरनं लेकरू तपासून काही लिहून दिलं तर गोष्ट वेगळी. काउंटरवरून मागून नाही.

त्याच विमानात मागं एक तेलुगू आजी होत्या. आमची भाषा एक नाही, तरी त्यांनी हात पुढं केले अन् पोरीला घेतलं. दोहा सोडल्यापासून मी बाथरूमलाही गेली नव्हती, तेव्हा गेली. माझ्या लिस्टमधले तुम्ही बरेच जण विमानानं जाऊन-येऊन करता, लेकरूवाली एकटी बाई दिसली तर तिला औषध सुचवू नका, "द्या इकडं, मी धरतो, तुम्ही जाऊन या" असं म्हणा.