कलापूर म्हणा, पण आधी कागद करा

कोल्हापुरात कुणाचं घर शूटिंगला स्वस्तात मागायचं असेल तर एक वाक्य पुरतं. "दादा, तुमचं गाव म्हणजे कलापूर!" एवढं म्हटलं की आपला माणूस विरघळला. मग तो चहा टाकायला सांगतो, माडी उघडून दाखवतो, पाव्हण्यांना झोपाळ्यावर बसवतो आणि पैशाचा विषय निघाला की "ते बघू की ओ, आधी काम तर हुंदे" म्हणून स्वतःच मिटवून टाकतो. समोरचा लोकेशनवाला, म्हणजे शूटिंगला जागा शोधणारा, तेवढं ऐकायलाच बसलेला असतो.

आमच्या पेठेतल्या घरात मालिकेचं शूटिंग झाल्यापासून मला सारखे फोन येतात. प्रश्न एकच, "किती देतात?" आकडा मी सांगत नाही, कारण माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. जाहिरातवाल्यांचं काम एक-दोन दिवसांचं, ते दिवसाचा दर बरा देतात. मालिकावाले दर पाडून मागतात, पण महिनोन्महिने मुक्काम ठोकतात. रात्रीचं काम वेगळं, स्वयंपाकघर हवं असेल तर त्याचा हिशोब वेगळा. तेव्हा "तुला किती मिळाले" हे विचारण्यापेक्षा "तू काय काय लिहून घेतलंस" हे विचारा.

माझं मत सरळ आहे. घर, दुकान, गुऱ्हाळ, शेत, काय असेल ते शूटिंगला जरूर द्या. पण कलेची सेवा म्हणून देऊ नका, धंदा म्हणून द्या. आणि त्या धंद्यात तुमची गल्लीही भागीदार आहे हे धरून चाला.

"कलेत पैसा काय बघायचा" म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावाचा इतिहास जरा बघावा. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं घडवला, १९२० ला 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पण त्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मागं गायिका तानीबाई कागलकरांचा पैसा उभा होता. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली ती पाच भागीदारांची कंपनी म्हणून, आणि १९३३ ला पुण्यात जास्त सोय दिसली तशी ती पुण्याला गेलीसुद्धा. कला होतीच, पण खातेवहीही होती. जयप्रभा स्टुडिओत कॅमेरा फिरायचा बंद होऊन वर्षं लोटली. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, तिथं सेट लागतात. तरीही दिग्दर्शकाला खरी भिंत हवी असते. पोपडे आलेली, दिवळीत काजळी धरलेली. तसली भिंत प्लायवूडवर रंगवायला त्यांना बक्कळ खर्च येतो, आणि आपण ती चहासकट देतो.

शिवाय कोल्हापूर त्यांना सोयीचं पडतं, हेही ओळखून असावं. सकाळी वाडा, दुपारी उसाचं रान, संध्याकाळी पंचगंगेचा घाट, आणि पाहिजेच असेल तर पन्हाळ्याची तटबंदी. सगळं तासाभराच्या आत. इथं काम जाणणारी माणसंही मिळतात. म्हणजे ते आपल्यावर उपकार करायला येत नाहीत.

रेकीला, म्हणजे जागा पारखायला, माणसं आली की गप्प राहून फक्त त्यांच्याकडं बघावं. कॅमेरामन खिडक्या बघतो, ऊन कुठून कुठं सरकतंय ते बघतो. आर्टवाला भिंतीवर बोट फिरवतो आणि खिळा कुठं बसेल याचा अंदाज घेतो. साउंडवाला काहीच बघत नाही, उभा राहून ऐकतो. शेजारी पिठाची गिरणी आहे का, पाण्याची मोटर कधी लागते. आणि प्रॉडक्शनवाला आधी संडास बघतो, मग गाड्या कुठं लागतील ते. आमच्याकडं हा शेवटचा माणूस परड्यातून माघारी आला आणि म्हणाला, "एकच आहे व्हय?" आत्या आतून म्हणाली, "घरात माणसं किती असत्यात मग?" साठ-सत्तर माणसांचं युनिट एका संडासावर दिवस काढणार, हे त्याला चालणार होतं. आत्याला नव्हतं. फिरतं शौचालय आणायचं हे करारातलं आमचं पहिलं कलम झालं, आणि ते आत्यानं घातलं.

आता मामांच्या गुऱ्हाळाचं सांगतो, कारण धंद्याची जागा देताना काय होतं ते तिथं नीट दिसलं. एका जाहिरातीला गुऱ्हाळ हवं होतं. चिमणीचा धूर, पेटलेलं चुलवाण, उकळता रस, सगळं एकदम खरं. आता ज्यांनी गुऱ्हाळ बघितलंय त्यांना माहीत आहे, आधण, म्हणजे एका वेळचा रस, एकदा चुलवाणावर चढलं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मळी काढायची, भेंडीचं पाणी सोडायचं, पाक आळत आला की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थेंब पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. गोळी जमली की काईल, म्हणजे रसाची ती मोठी कढई, उतरायची, म्हणजे उतरायचीच. त्याच घटकेला दिग्दर्शक ओरडला, "थांबा, लाइट जरा इकडं घ्या." गुळव्या म्हणाला, "सायेब, ह्यो थांबत न्हाई." कुणीतरी त्याचा दंड धरला. त्यात मिनिटं गेली ती गेलीच. शेवटी काईल ओतली तेव्हा वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या जागेत, जो गूळ पडला तो काळपट. आणि शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात गुळाला दर मिळतो तो आधी रंगावर.

वर त्यांना तोच शॉट परत पाहिजे होता. परत म्हणजे नवा ऊस, नवं आधण, परत तासन् तास चुलवाण पेटतं ठेवायचं, आणि बाहेर शेतकऱ्यांच्या उसाच्या गाड्या लागलेल्या. मामा "करू या की" म्हणायच्या बेतात होते. मामी पुढं झाली. "आधणाचे पैसे येगळे. खराब झालेल्याचेबी. आन् पुढच्या टायमाला गुळव्या हात वर करंल तवा कॅमेरा तयार पायजे." पैसे मिळाले. दुसऱ्या खेपेला कॅमेरा आधीच तयार होता, गुळव्यानं हात वर केला आणि सगळे त्याच्याकडं बघत उभे राहिले. धंद्याची जागा देणाऱ्यांनी हे मामीचं कलम लिहूनच घ्यावं. तुमचं भाडं म्हणजे नुसतं जागेचं भाडं नाही. त्या दिवशी बुडालेला धंदा, खराब झालेला माल, आणि हंगाम असेल तर खोळंबलेलं गिऱ्हाईक, सगळं त्यात आलं पाहिजे.

बाकी कागदाचं थोडक्यात. सेट लावायचे आणि काढायचे दिवससुद्धा भाड्याचे दिवस असतात. त्यांच्या बारा तासांच्या शिफ्टच्या वर काम गेलं तर तासाचा दर आधीच ठरवा. वीज जनरेटरची, घराच्या मीटरवरची नाही. जुन्या माडीवर एका वेळी किती माणसं चढतील ते आकड्यात लिहा, कारण ट्रॉली, लाइट आणि वीस माणसं एकदम तोलायला त्या तुळया बसवलेल्या नाहीत. काम सुरू व्हायच्या आधी कोपरान् कोपरा मोबाइलवर त्यांच्या माणसासमोर शूट करून ठेवा. अनामत रक्कम आधी, आणि ती परत द्यायची भिंती पूर्ववत झाल्यावर. "पॅचवर्कला एक दिवस परत येऊ" म्हणतात, म्हणजे राहिलेले शॉट घ्यायला, तोही त्याच दराने. नुकसान झालं तर कुणाचा विमा, हे विचारा, कारण आपल्या घराच्या विम्यात असली भानगड बसेलच असं नाही. भाड्यातून दहा टक्के टीडीएस कापला तर त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या. नाहीतर वर्षाच्या शेवटी सीएच्या दारात डोकं खाजवत बसाल. आणि तुमच्या घरात काय प्रसंग दाखवणार ते आधी वाचायला मागा. देवघरासमोर खुनाचा सीन आहे हे शूटिंगच्या दिवशी कळून उपयोग नाही.

पण पेठेतल्या घरांना या सगळ्याच्या आधी एक काम आहे. सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे तो कागद, काढा. निम्म्या वाड्यांच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाहीतर चुलत्या-पुतण्यांच्या रांगेचं नाव असतं. एक भाऊ सही करतो, दुसऱ्याला पेपरात बातमी वाचून कळतं, आणि ऐन शूटिंगच्या दिवशी तो दारात येऊन उभा राहतो. सगळ्या वारसांची लेखी संमती आणि पैशाची वाटणी आधी. ज्या भावकीत पाण्याच्या बिलावरून बोलणं बंद आहे तिथं शूटिंगच्या पैशानं समेट होईल, हे विसरा.

आता गल्ली. माझं सगळ्यात जास्त कुणाशी भांडण झालं असेल तर ते या मुद्द्यावर. पैसे एका घराला मिळतात आणि त्रास गल्लीला होतो. व्हॅनिटी व्हॅन कुणाच्या तरी दारात लागते. केबल कुणाच्या तरी उंबऱ्यावरून जाते. "सायलेन्स" म्हणून कोण कुठला पोरगा समोरच्या आजोबांना खोकू नका म्हणून सांगतो. किराणा दुकानासमोर जनरेटर उभा राहिला तर त्या दिवशी तिथं गिऱ्हाईक फिरकत नाही. शूटिंगनंतरचीही गर्दी असते. 'तुझ्यात जीव रंगला'चा वाडा बघायला वसगड्याला कुठून कुठून लोक येत होते ते आपण बघितलंय. वाडा एकाचा, पण रस्ता गावाचा.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे प्रॉडक्शनवाल्यानं तरुण मंडळाची जाड पावती फाडायची आणि मोकळं व्हायचं. मला तो मान्य नाही. मंडळाचा मांडव मोठा होतो, दुकानदाराचा गल्ला रिकामाच राहतो. (मंडळातल्या मित्रांनो, राग मानू नका. मानलात तरी मी उद्या संध्याकाळी कट्ट्यावर आहे.) ज्याच्या दारात गाडी लागणार त्याला दिवसाचे पैसे, ज्याचं दुकान झाकणार त्याला त्या दिवसाच्या धंद्याचे पैसे, थेट हातात, सही घेऊन. आमच्या वेळी आम्ही हे करारात वेगळ्या ओळीत लिहून घेतलं. प्रॉडक्शनवाला म्हणाला, अशी मागणी कुणी केली नव्हती. देणार नाही, असं मात्र म्हणाला नाही. रात्री दहानंतर जनरेटर मागच्या बोळात, हेही त्यातच लिहिलं.

"असल्या अटी घातल्या तर ते सांगलीला जातील, साताऱ्याला जातील" असं मला बरेच जण सांगतात. जाऊ देत. एखादा जाईलही. पण ज्याला खरोखर तुमचंच दार आणि तुमचाच जिना पाहिजे, तो दोन कलमांसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जात नाही, आणि दोन कलमांसाठी पळून जाणारा पुढं अनामत रक्कम देतानाही पळालाच असता.

करार कसा लिहायचा त्याचा मसुदा माझ्याकडं आहे. एका वकील मित्रानं बघून दिलाय. पाहिजे त्यानं इनबॉक्समध्ये लिहा, पाठवतो. फक्त सोबत उताऱ्यावर किती नावं आहेत तेही कळवा, म्हणजे सह्यांसाठी किती जागा सोडायची ते कळेल.