नाताळची बिस्किटे आणि थांबायला न शिकलेले घराणे

नाताळच्या आठवड्यात आमच्याकडे सगळे मिळून जिंजरब्रेडची, म्हणजे सुंठ आणि मसाले घातलेली गोड बिस्किटे करतात, असे बाहेर सांगितले जाते. प्रत्यक्षात बिस्किटे मी एकटा करतो आणि बाकीचे कुटुंब देखरेख करते. पदार्थ मुळीच अवघड नाही. तो करणाऱ्याला फक्त पुनःपुन्हा थांबायला लावतो, आणि आमच्या घराण्यात हा गुण कोणाच्याही वाट्याला आलेला नाही.

कृती आजीच्या वहीतली आहे. तीत ‘सोडा बेताने’ आणि ‘पीठ घेईल तितकी काकवी’ अशी मापे असल्यामुळे, पीठ नक्की किती घेते यावरून आई आणि आत्या यांच्यात दरवर्षी जुंपत असे. शेवटी मी वजनकाटा आणला आणि वाद मिटवला, म्हणजे तो काट्याच्या खरेपणावर नेऊन ठेवला. तेव्हापासूनचे प्रमाण असे: मैदा 350 ग्रॅम, लोणी 120 ग्रॅम, ब्राऊन शुगर 150 ग्रॅम, काकवी 100 ग्रॅम, एक अंडे, दोन चमचे सुंठ, एक चमचा दालचिनीची पूड, चिमूटभर लवंगेची पूड, अर्धा चमचा खायचा सोडा आणि किंचित मीठ. लोणी आणि साखर फेसून त्यात अंडे व काकवी घालायची, मग कोरडे जिन्नस चाळून मिसळायचे. काकवी मुळात किंचित आम्ल असते. सोड्याशी गाठ पडली की वायू सुटतो आणि बिस्किटे हलकी होतात. आजीला यातले रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण सोडा जास्त झाला की बिस्किटाला साबणाची चव येते, हे तिला पक्के ठाऊक होते.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते. मळलेला गोळा झाकून निदान दोन तास फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. लोणी घट्ट झाले नाही, तर ओव्हनमध्ये पीठ आकार धरण्याआधीच पसरते. बिस्किटातल्या ताऱ्याचे वर्तुळ होते आणि बिस्किटातल्या सडपातळ माणसाला पोट सुटते. हे मी दरवर्षी समजावून सांगतो, सगळे माना डोलावतात आणि पाचव्या मिनिटाला फ्रिजचे दार वाजते. गोळ्याच्या एका बाजूला पडलेला खळगा उंदराने पाडला, असे काकांचे म्हणणे असते. उंदीर फ्रिजचे दार उघडतो का, यावर ते मौन पाळतात. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि कच्चा मैदाही निर्धोक नसतो, असे सांगितले की आत्या म्हणते, “आम्ही लहानपणापासून खातोय, काय झालं आम्हाला?” या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांचा मान राखून देता येत नाही.

मग गोळा अर्धा सेंटीमीटर जाडीचा लाटून आकार कापायचे आणि 180 अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजायचे. बाहेर येतात तेव्हा बिस्किटे मऊ असतात आणि गार होताना कडक होतात. आमच्याकडे मात्र ती गार होण्याआधीच “कच्ची राहिली, परत आत घाल” असा एकमुखी ठराव होतो, आणि तो करणारे तोंड पोळल्यामुळे फू-फू करत बोलत असतात.

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ दरबारातल्या पाहुण्यांच्या प्रतिमा असलेली जिंजरब्रेडची माणसे करवून घेत असे, असे सांगतात. मी हे एकदा जेवताना बोललो आणि भाच्याने ते मनावर घेतले. साखरेच्या आयसिंगने त्याने सगळे कुटुंब रंगवले. काकांना टक्कल देण्यात त्याचे आयसिंग वाचले. आत्याला त्याने चष्मा, अंबाडा आणि कमरेवर हात दिले. काकांनी स्वतःला ओळखले आणि तत्काळ डोक्याकडून खाऊन पुरावा नष्ट केला. आत्या बराच वेळ निरखून पाहत राहिली आणि म्हणाली, “ही कोण बाई?” सांगायला कोणी पुढे आले नाही.

हवाबंद डब्यात ही बिस्किटे दोन-तीन आठवडे सहज टिकतात, आणि मुख्य म्हणजे एक-दोन दिवसांनी मसाला मुरून त्यांची चव वाढते. ही मुरलेली चव आमच्या घरात आजीनंतर कोणाला माहीत नाही, कारण पहिल्या रात्रीनंतर डब्यात चुराच उरतो. त्या वर्षी मात्र एक बिस्किट शिल्लक राहिले. चष्म्याला आणि अंबाड्याला हात लावण्याची कोणाची छाती होईना. तिसऱ्या दिवशी आत्यानेच डबा उघडला, ते सावकाश चावून खाल्ले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की सुंठ कमी पडली आहे.